निराश्रितांचा आधारवड : कर्मयोगी संत गाडगेबाबा

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत देवळाच्या गाभाऱ्यापेक्षा देवळाच्या पायरीवर बसलेल्या माणसाकडे ज्यांची दृष्टी आधी गेली, अशा सत्पुरुषांत संत गाडगेबाबांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विदर्भाच्या मातीत जन्मलेल्या या निरक्षर महात्म्याने पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी हजारो निराश्रितांना हक्काचे छप्पर मिळवून दिले. स्वतःसाठी मात्र त्यांनी आयुष्यात एक खोलीही राखली नाही. फाटक्या चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावर मडक्याचे खापर आणि हातात खराटा एवढाच त्यांचा संसार होता. लाखो रुपयांच्या वास्तू उभ्या करणारा हा माणूस अखेरपर्यंत बेघर राहिला आणि त्याने देहही ठेवला तो प्रवासात, रस्त्यावरच. त्यांच्या चरित्रातील हा विरोधाभास समजून घेतला म्हणजे त्यांच्या कार्याचे मर्म हाती लागते.

बालपण : छत्र हरपलेला देबू

गाडगेबाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव झिंगराजी व आईचे नाव सखुबाई. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले होते. त्या व्यसनाने घर पोखरले आणि अखेर घरधन्यालाही नेले. देबू अवघ्या आठ वर्षांचा असताना, १८८४ मध्ये वडील वारले. सखुबाई आपल्या लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी भावाच्या आश्रयाला आल्या.

दुसऱ्याच्या छपराखाली वाढणे म्हणजे काय, हे देबूला लहानपणीच कळले. मामांचे घर प्रेमळ होते, परंतु कामाला खळ नव्हता. गुरे राखणे, शेण काढणे, औत हाकणे यांत त्याचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्याला दिसले नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत राबताना त्याने उत्तम शेतकऱ्याचे सारे गुण आत्मसात केले. मात्र मामांची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. अंगठा उठवणाऱ्याला कागदावर काय लिहिले आहे हे कळत नाही आणि जमीन गेली की पाठोपाठ घरही जाते, हा वऱ्हाडातील अनेक कुटुंबांचा अनुभव या घराच्याही वाट्याला आला. पुढे कीर्तनातून कर्ज, व्यसन, अज्ञान आणि सणासमारंभांतील उधळपट्टी यांच्यावर बाबांनी जे सातत्याने प्रहार केले, त्यामागे हा स्वानुभव होता. माणूस बेघर होतो तो एका रात्रीत होत नाही, त्याची सुरुवात फार आधी, घर अजून उभे असतानाच झालेली असते, हे त्यांनी ओळखले होते.

दुष्काळाची साक्ष

देबूजींचे तारुण्य ज्या वर्षांत गेले, ती वर्षे वऱ्हाडासाठी भयंकर होती. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी हा संपन्न कापूसपट्टा होरपळून काढला. बुलढाणा जिल्हाही त्यातून सुटला नाही. १८९१ आणि १९०१ या दोन जनगणनांच्या दरम्यान या जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, एवढे एकच तथ्य त्या संकटाची कल्पना येण्यास पुरेसे आहे. गावे ओस पडली, गुरे दगावली आणि माणसे अन्नाच्या शोधात वाट फुटेल तिकडे चालू लागली. ज्यांचे घर होते, त्यांनाही घर सोडून रस्त्यावर यावे लागले.

१८९२ मध्ये देबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला होता. संसारात असतानाच त्यांनी रूढींशी झुंज सुरू केली. मुलीच्या बारशाला दारू व मटणाची पंगत घालण्याची जातीत प्रथा होती. देबूजींनी ती मोडून गोडाधोडाचे शाकाहारी जेवण दिले. जातभाई रुष्ट झाले, पण ते मागे हटले नाहीत. ज्या व्यसनाने वडिलांचा बळी घेतला, त्याला आनंदाच्या प्रसंगी घरात पाऊल टाकू द्यायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. मुक्या जिवांची हत्या करून कोणताही देव प्रसन्न होत नाही, ही त्यांची श्रद्धा येथूनच दृढ झाली. पुढे अनेक जत्रांमधील पशुबळीची प्रथा थांबवण्यासाठी त्यांनी आपली वाणी झिजवली.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, देबूजींनी घर सोडले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे ते अखंड भटकत राहिले. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हातात मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे, उन्हात तेच डोक्यावर ठेवायचे. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

या भटकंतीचा एक नियम होता. गावात शिरले की प्रथम खराटा घेऊन रस्ते झाडायचे, गटारे साफ करायची, कोणाची लाकडे फोडायची, कोणाच्या शेतात राबायचे आणि मगच भाकर मागायची. कामाशिवाय अन्न घेणे त्यांना मान्य नव्हते. रात्र पडेल तेथे, झाडाखाली, नदीकाठी किंवा स्मशानाजवळ, अंग टाकायचे. वेड्यासारख्या दिसणाऱ्या या माणसाला कित्येकदा दारातून हाकलण्यात आले. ओसरीवर टेकू न देणारी माणसे त्यांनी पाहिली, तशीच अर्ध्या भाकरीतली चतकोर तोडून देणारी माणसेही पाहिली. उपाशीपोटी, उघड्यावर काढलेल्या अशा शेकडो रात्रींनी त्यांना निराश्रितांच्या दुःखाचे जे ज्ञान दिले, ते कोणत्याही ग्रंथातून मिळणारे नव्हते. ते जगाकडे पाहत होते ते ओसरीच्या आतून नव्हे, बाहेरून. त्यामुळे त्यांनी पुढे बांधलेल्या प्रत्येक धर्मशाळेत बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा विचार आधी झाला.

ऋणमोचनपासून पंढरपूरपर्यंत

बाबांच्या लोकोपयोगी बांधकामाचा आरंभ झाला तो पूर्णाकाठच्या ऋणमोचन या तीर्थक्षेत्री. पौष महिन्यात येथे मोठी यात्रा भरते. नदीच्या चिखलातून वृद्ध, स्त्रिया, मुले घसरत-पडत स्नानाला उतरत. १९०८ च्या सुमारास बाबांनी लोकांच्या श्रमदानातून व वर्गणीतून तेथे घाटाचे काम हाती घेतले. याच यात्रेत अंध, पंगू व निराधारांना एकत्र करून त्यांना जेवू घालण्याचा आणि वस्त्रे देण्याचा उपक्रमही त्यांनी सुरू केला. हीच पूर्णा पुढे अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून वाहत जाऊन चांगदेव येथे तापीला मिळते. एका काठावर सुरू झालेल्या सेवाकार्याचा ओघही तसाच पुढे साऱ्या महाराष्ट्रभर पसरला.

पंढरपुरात त्यांना दिसलेले दृश्य अधिक विदारक होते. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी येत. ज्यांचे क्षेत्रोपाध्ये होते, फड होते, ज्यांच्याजवळ पैसा होता, त्यांची सोय होई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना मात्र मंदिराचे दार बंद होतेच, परंतु मुक्कामासाठी कोणाची ओसरीही उघडी नव्हती. शेकडो कोस चालून आलेली ही माणसे पावसात, चंद्रभागेच्या वाळवंटात रात्र काढत. या माणसांना निवारा मिळावा म्हणून १९१७ च्या सुमारास बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम उभे केले. संत चोखोबांचे नाव त्या वास्तूला देण्यात मोठे औचित्य होते. ज्या संताला हयातीत मंदिराच्या पायरीपाशीच थांबावे लागले, त्याच्या नावाने त्याच्याच भावंडांना हक्काचे छप्पर मिळाले.

विठ्ठल मंदिर सर्वांसाठी खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी बाबांनी निवाऱ्याचे दार उघडले होते. पुढे १९४९ मध्ये ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे, विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी सुपूर्द केली. आपण बांधले म्हणून ते आपल्याकडेच राहिले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. ज्यांच्यासाठी वास्तू बांधली, त्यांच्या उपयोगी ती अधिक कोणाच्या हाती पडेल, एवढाच विचार त्यांनी केला.

पंढरपूरपाठोपाठ नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर, मूर्तिजापूर अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा, सदावर्ते, गोरक्षण संस्था व पाणपोया उभ्या राहिल्या. यात्रेकरूंबरोबरच ज्यांना कोणीच नाही असे वृद्ध, अपंग आणि आजारी लोकही तेथे विसाव्याला येऊ लागले.

दाता आणि दीन यांच्यातील सेतू

बाबांजवळ स्वतःचा पैसा नव्हता. मग एवढ्या वास्तू उभ्या राहिल्या कशा? याचे उत्तर त्यांच्या कीर्तनात आहे. रात्री गावच्या मोकळ्या पटांगणात ते उभे राहत. शास्त्रपुराणांचा आधार न घेता, वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून घेत. हसता हसता श्रोता अंतर्मुख होई. कापसाच्या बाजारपेठांतील व्यापारी, गिरणीमालक, अधिकारी, मंत्री आणि मोलमजुरी करणारी माणसे एकाच धुळीत बसून ते कीर्तन ऐकत. ज्याच्याजवळ आहे आणि ज्याला हवे आहे, अशी दोन्ही माणसे त्या पटांगणात समोरासमोर येत. बाबांचे काम त्या दोघांना जोडण्याचे होते.

दान देणाऱ्याला ते गरज प्रत्यक्ष दाखवत. देणगी स्वतःच्या हाती न घेता ती त्या त्या कामाच्या व्यवस्थेकडे जाईल, अशी दक्षता ते घेत. हिशेब चोख असावा, यावर त्यांचा कटाक्ष असे. स्वतः निरक्षर असूनही संस्थांच्या विश्वस्त-पत्रांबाबत ते अतिशय जागरूक होते. या मालमत्तांवर आपल्या नातलगांचा कोणताही हक्क राहू नये, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. धर्मशाळा बांधून झाली की ते स्वतः तिच्यात राहत नसत. बाहेर कोठेतरी झाडाखाली त्यांचा मुक्काम असे. आपण आत राहिलो तर एका गरजूची जागा अडेल, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

या निःसंगतेची सर्वांत कठोर परीक्षा १९२३ मध्ये झाली. कोकणात खारेपाटण येथे असताना त्यांना एकुलता एक मुलगा गोविंद याच्या निधनाची वार्ता समजली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. जगात रोज कितीतरी मुले मरतात, त्यांच्यासाठी जर आपण रडलो नाही तर एकासाठी का रडावे, अशा आशयाचे विचार त्यांनी त्या प्रसंगी मांडले. पुत्रवियोगाचे दुःख त्यांना झाले नसेल असे नाही. पण ज्याने साऱ्या निराधारांना आपले मानले, त्याला आपल्या घरासाठी वेगळे माप लावता आले नाही. कुंताबाईंनी या साऱ्याची जी किंमत मोजली, तिचाही उल्लेख कृतज्ञतेने केला पाहिजे. ज्यांच्या पतीने महाराष्ट्रभर धर्मशाळा बांधल्या, त्या माउलीने मात्र अतिशय साधेपणाने, कोणत्याही मोठेपणाशिवाय दिवस काढले.

रुग्णालयाच्या दारातील माणसे

बाबांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वात तीर्थक्षेत्रांइतकेच त्यांचे लक्ष शहरांकडे वळले. मुंबईतील जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. दूरदूरच्या खेड्यांतून रुग्ण तेथे येत. रुग्णाला खाट मिळे, पण त्याच्याबरोबर आलेली आई, पत्नी किंवा भाऊ यांना जागा नसे. अनोळखी शहरात हॉटेलचे भाडे परवडत नसे. मग ते रुग्णालयाच्या भिंतीलगत, पदपथावर दिवस काढत. कित्येकदा या हालांना कंटाळून उपचार अर्धवट टाकून रुग्णाला घरी नेले जाई. निवारा नाही म्हणून औषधही वाया जाते, हे बाबांनी ओळखले. त्यांच्या प्रेरणेने १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली.

धर्मशाळा म्हणजे तीर्थक्षेत्रातील यात्रेकरूंची सोय, ही शतकानुशतकांची कल्पना होती. बाबांनी ती रुग्णालयाच्या दारापर्यंत आणली. त्यांच्या पश्चात मुंबईत दादर येथे उभ्या राहिलेल्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांची निवास-भोजनाची सोय होत आली आहे. शेगाव किंवा मलकापूर स्थानकावर रात्रीची गाडी पकडून, रुग्णाला घेऊन मुंबई गाठणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यातील कुटुंबांना अशा आसऱ्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

दहा कलमांचा धर्म

या सर्व कार्याला कायमस्वरूपी रूप यावे म्हणून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. शाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे व धर्मशाळा या मिशनच्या छत्राखाली पुढे चालू राहिल्या. बाबांचा रोकडा धर्म दहा कलमांत सांगितला जातो. भुकेल्यास अन्न, तहानलेल्यास पाणी आणि उघड्या-नागड्यास वस्त्र देणे, ही त्यातील पहिली तीन कलमे. त्यानंतर गरीब मुलामुलींच्या शिक्षणाला मदत, बेघरांना आसरा, अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार, बेकारांना रोजगार, पशुपक्ष्यादी मुक्या प्राण्यांना अभय, गरीब तरुण-तरुणींचे विवाह आणि दुःखी व निराश माणसांना हिंमत देणे, ही कलमे येतात.

या यादीचा क्रम नीट पाहिला तर बाबांची दूरदृष्टी ध्यानात येते. बेघराला आसरा देणे हे कलम एकटे येत नाही. त्याच्या आधी अन्न, वस्त्र व शिक्षण आहे आणि नंतर औषध, रोजगार व हिंमत आहे. छप्पर मिळाले, पण हाताला काम नाही, आजारावर इलाज नाही आणि मनाला उभारी नाही, तर माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. म्हणून साऱ्या गोष्टी एकमेकींना जोडून दिल्या पाहिजेत, हा विचार एका निरक्षर कीर्तनकाराने मांडला होता. शहरी बेघरांसाठीच्या निवाऱ्यांची शासकीय योजना २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात आली. तिनेही नेमकी हीच दिशा स्वीकारली. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची बारमाही सोय करावी आणि निवाऱ्यातील व्यक्तीला ओळखपत्र, शिधापत्रिका, आरोग्यसेवा, निवृत्तिवेतन व रोजगार यांच्याशी जोडून द्यावे, असे त्या योजनेत अपेक्षित होते.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार लोक बेघर म्हणून नोंदले गेले. बुलढाणा जिल्ह्यातील एकाही शहराची लोकसंख्या त्या जनगणनेत एक लाखावर गेलेली नव्हती. महानगरातील बेघरांची संख्या मोठी असते, म्हणून ती डोळ्यांत भरते. लहान शहरात बसस्थानकाच्या बाकावर, मंदिराच्या कट्ट्यावर किंवा बाजार ओट्यावर झोपणारी माणसे मोजकी असतात आणि मोजकी असल्यामुळेच ती नजरेआड राहतात. त्यांतील कोणी घरातून निघालेला वृद्ध असतो, कोणी मानसिक आजाराने वाट चुकलेला, कोणी कामाच्या शोधात येऊन अडकलेला. अशा एकेका माणसाची विचारपूस करून त्याला योग्य दारापर्यंत नेणे, हे काम मोठ्या यंत्रणेपेक्षा गावातील संस्था अधिक चांगले करू शकतात. बाबांनी आयुष्यभर तेच केले.

अखेरचा प्रवास

१९५६ चे वर्ष उजाडले तेव्हा बाबांचे शरीर थकले होते, पण प्रवास थांबला नव्हता. नोव्हेंबर महिन्यात मुंबईत वांद्रे येथे त्यांचे कीर्तन झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले आणि या वार्तेने बाबा व्यथित झाले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांची प्राणज्योत मालवली. ज्यांनी घर सोडून एक्कावन्न वर्षे लोटली होती, त्या बाबांनी कोणत्याही घरात, कोणत्याही धर्मशाळेत देह ठेवला नाही. अमरावती येथे त्यांची समाधी आहे आणि तो परिसर आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. अमरावती विद्यापीठालाही २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलढाणा या पाचही जिल्ह्यांतील पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर आज त्या निरक्षर महात्म्याचे नाव असते, ही नियतीची सुंदर योजनाच म्हटली पाहिजे.

खराटा हे बाबांच्या कार्याचे सर्वपरिचित प्रतीक आहे. परंतु खराट्याइतकेच धर्मशाळेचे उघडे दार हेही त्यांचे प्रतीक मानावयास हवे. वास्तू उभारणे कठीण असते आणि उभारलेली वास्तू ज्याच्यासाठी उभारली त्याच्यासाठीच खुली ठेवणे त्याहून कठीण असते. बांधणाऱ्याने स्वतः बाहेर राहून दुसऱ्याला आत घेतले, म्हणून त्या वास्तूंना धर्मशाळा हे नाव शोभले. समाजाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही वास्तूच्या दारात आज रात्री कोण उभा आहे आणि त्याला आत येता येते का, या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे शोधणे, हीच या थोर कर्मयोग्याला खरी आदरांजली ठरेल.